फोटोतले टिकाऊ बिंदू: शोधायचे कसे आणि पारखायचे कसे

वेरूळच्या कैलास लेण्यातल्या रामायणाच्या शिल्पपटाचे दोन फोटो समोर ठेवा. एक सकाळचा, एक दुपारनंतरचा, आणि दुसरा काढताना फोटोग्राफर चार पावलं डावीकडे सरकलेला. माणसाला लगेच कळतं की भिंत तीच आहे. प्रोग्रामसमोर मात्र नुसत्या आकड्यांचा ढीग असतो आणि त्यातला जवळपास एकही आकडा जागचा राहिलेला नसतो. हे फोटो एकमेकांवर बसवायचे असोत, त्यांतून थ्रीडी मॉडेल उभं करायचं असो की पॅनोरमा जोडायचा असो, सुरुवात एकाच गोष्टीने होते. पहिल्या फोटोत सापडलेला बिंदू दुसऱ्या फोटोतही भिंतीवरच्या त्याच जागी सापडायला हवा. अशा बिंदूंना स्थिर फीचर किंवा कीपॉइंट म्हणतात.

बहुतेक ट्युटोरियलं इथून थेट कोडवर जातात: फोटो वाचा, डिटेक्टर, म्हणजे असे बिंदू शोधणारी पद्धत, चालवा, सापडलेल्या जागी हिरवे गोल काढा, झालं. गोल भरपूर आले की बरंही वाटतं. पण एका फोटोवर किती गोल आले यावरून ते टिकतील की नाही हे कळत नाही. टिकाऊपणा कळायला किमान दोन फोटो लागतात. म्हणून या लेखात डिटेक्टर चालवण्याइतकीच जागा तो पारखण्याला दिली आहे. तुमच्याकडे पायथन आणि ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या लायब्ररीची 4.5 किंवा पुढची आवृत्ती आहे असं धरून चालतो.

आधी ठरवा: कशापुढे टिकायला हवं?

कोणताही बिंदू सगळ्या बदलांपुढे टिकत नाही. व्हिडिओमध्ये लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये फरक अगदी थोडा असतो. तिथे कॅमेरा फिरण्याची किंवा जवळ-लांब जाण्याची काळजी फारशी करावी लागत नाही, वेग महत्त्वाचा असतो. पॅनोरमात कॅमेरा जागेवर फिरतो, त्यामुळे थोडं फिरणं आणि उजेडातला फरक सोसला की भागतं. ड्रोनच्या फोटोंत उंची बदलते, म्हणजे स्केल, वस्तूचा फोटोतला आकार, बदलतो. आणि वर सांगितलेल्या शिल्पपटाच्या उदाहरणात कोन, अंतर आणि प्रकाशाची दिशा अशा तिन्ही गोष्टी बदलतात. हे सगळ्यांत अवघड.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: कॅमेरा किती अंशांनी फिरेल, स्केल किती पटीने बदलेल, बघण्याचा कोन किती बदलेल, उजेड कसा बदलेल. पुढे परीक्षा घेताना हेच आकडे लागणार आहेत. गरज नसताना सगळं सोसणारा डिटेक्टर घेतला तर त्याची किंमत मोजावी लागते. फिरण्याची पर्वा न करणारं फीचर 6 आणि 9 यांत फरक करत नाही.

फोटो तयार करणं

फोटो ग्रेस्केलमध्ये वाचा. इथे बघायचे जवळपास सगळे डिटेक्टर उजेडाच्या चढउतारावरच चालतात, रंगाकडे बघत नाहीत.

मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो जसाच्या तसा देऊ नका. लांब बाजू 1600 पिक्सेलपर्यंत आणून सुरुवात करा. मूळ आकारात सेन्सरची खरखर आणि मोबाइलने आपणहून केलेलं शार्पनिंग बारीकसारीक खोटे कोपरे तयार करतं. लहान करताना ओपनसीव्हीतलं ‘इंटर एरिया’ इंटरपोलेशन वापरा. साध्या लिनिअरने बारीक पोताच्या जागी वेड्यावाकड्या नक्ष्या उमटतात.

व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो शक्यतो टाळा, मूळ फाइल मागवा. जेपेग हा प्रकार फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे करून ते दाबतो. दाब जास्त असला की ठोकळ्यांच्या सीमा उमटतात, आणि त्या सीमांच्या छेदावर डिटेक्टरला कोपरे दिसतात. हे कोपरे भिंतीचे नसून फाइलचे असतात.

दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे फोटो हाताळताना आणखी एक अडचण येते: दगड गडद, त्यात सावली, त्यामुळे कॉन्ट्रास्ट फारच कमी. क्लाहे नावाचं कॉन्ट्रास्ट वाढवण्याचं तंत्र इथे कामी येतं. 8 बाय 8 जाळी आणि क्लिप लिमिट 2 ते 3 ठेवा. ओपनसीव्हीतलं मूळ क्लिप लिमिट 40 आहे, त्याने खरखरही तितकीच वर येते. आणि क्लाहे लावायचं तर दोन्ही फोटोंना लावा.

शेवटचं काम मास्क बनवण्याचं. फोटोवर तारीख किंवा लोगो छापलेला असेल, डॅशकॅमच्या चौकटीत गाडीचं बॉनेट येत असेल, तर तो भाग मास्कने झाकून टाका. छापलेली तारीख हे जगातलं सर्वांत स्थिर फीचर आहे. ती प्रत्येक फोटोत त्याच पिक्सेलवर, त्याच आकारात, अत्यंत ठळक असते. पुढे दोन फोटोंमधलं नातं काढायला गेलात की प्रोग्राम मोठ्या खात्रीने सांगतो, कॅमेरा हललेलाच नाही.

कोपरा म्हणजे नेमकं काय

एका कागदाला छोटं चौकोनी भोक पाडा आणि त्यातून फोटो बघा. भोकाखाली सपाट भाग असेल तर कागद कुठेही सरकवला तरी दृश्य बदलत नाही. भोकाखाली एखादी कडा असेल तर कडेला आडवं सरकवल्यावर दृश्य बदलतं, पण कडेच्या बाजूने सरकवलं तर काहीच बदलत नाही. भोकाखाली कोपरा असेल तर कुठेही सरकवा, दृश्य बदलणारच. म्हणजे कोपऱ्याची जागा दोन्ही दिशांनी पक्की असते, आणि त्यावरच बोट ठेवता येतं.

हान्स मोराव्हेक यांनी 1980च्या सुमारास हीच कल्पना रोबोटच्या कॅमेऱ्यासाठी वापरली. 1988 मध्ये ख्रिस हॅरिस आणि माइक स्टीफन्स यांनी तिला नीट गणिती रूप दिलं. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या छोट्या खिडकीत उजेडाचा आडवा आणि उभा चढ काढायचा. मग तीन बेरजा: आडव्या चढाच्या वर्गांची, उभ्या चढाच्या वर्गांची आणि दोन्हींच्या गुणाकाराची. त्यांना अ, ब आणि क म्हणू. हॅरिसचा गुणांक असा येतो:

अ × ब − क² − 0.04 × (अ + ब)²

एकदा हाताने करून बघा, पुढे कायम लक्षात राहतं. सपाट भागात समजा अ 2, ब 3, क 0. गुणांक येतो 6 − 1 म्हणजे 5, जवळपास शून्य. उभ्या कडेवर अ 900, ब 4, क 0. आता 3,600 मधून सुमारे 32,689 वजा होतात आणि गुणांक सुमारे उणे 29,089. कोपऱ्यावर अ 900, ब 700, क 100. इथे 6,20,000 वजा 1,02,400 म्हणजे 5,17,600. सपाट भाग शून्याजवळ, कडा खोल उणे, कोपरा मोठा अधिक. तीन बेरजांमध्ये तीन प्रकार वेगळे पडले.

0.04 हा आकडा अनुभवातून आलेला आहे. 0.04 ते 0.06 मध्ये काहीही घेतात. 1994 मध्ये जियानबो शी आणि कार्लो तोमासी यांनी हा आकडाच काढून टाकला. त्याऐवजी या तीन बेरजांच्या मॅट्रिक्सची दोन आयगेन मूल्यं, म्हणजे सर्वांत जोरदार आणि सर्वांत कमजोर दिशेतला बदल सांगणारे आकडे, काढायची आणि त्यातलं लहान मूल्य पुरेसं मोठं आहे का एवढंच बघायचं. वरच्या कोपऱ्यात ती सुमारे 941 आणि 659 येतात, म्हणजे कमजोर दिशाही 659ची आहे. कडेवर लहान मूल्य फक्त 4 आहे, कडा बाद. ओपनसीव्हीत हे ‘गुड फीचर्स टू ट्रॅक’ या फंक्शनमध्ये मिळतं. व्हिडिओत बिंदूंचा माग ठेवायचा असेल तर मी अजूनही यापासूनच सुरुवात करतो. ‘क्वालिटी लेव्हल’ 0.01 आणि दोन बिंदूंतलं किमान अंतर 8 ते 10 पिक्सेल ठेवलं की बिंदू चांगले पसरतात.

कॅमेरा कॅलिब्रेशनसारख्या कामात पिक्सेलच्या दहाव्या भागाचीही चूक महाग पडते. तिथे सापडलेले कोपरे ‘कॉर्नर सबपिक्स’ या फंक्शनमधून काढून घ्या, म्हणजे त्यांची जागा पिक्सेलच्या अंशापर्यंत नेमकी होते.

स्केल: हॅरिस जिथे गडबडतो

हॅरिस फोटो फिरवल्यावर बऱ्यापैकी टिकतो, उजेड सगळीकडे सारखाच वाढला-कमी झाला तरी टिकतो. पण जवळ गेलात की संपलं. दहा मीटरवरून जो टोकदार कोपरा होता तो दोन मीटरवरून गोलसर कडा दिसते, कारण खिडकीचा आकार तोच राहिला आणि दगड पाचपट मोठा झाला.

यावरचा उत्तम तोडगा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये मांडला आणि 2004 च्या सविस्तर लेखात पूर्ण केला: सिफ्ट. यात फोटो टप्प्याटप्प्याने पुसट करत नेतात, शेजारच्या दोन टप्प्यांची वजाबाकी घेतात आणि जो पिक्सेल आपल्या टप्प्यातल्या 8 आणि वरच्या-खालच्या टप्प्यांतल्या 9-9 अशा एकूण 26 शेजाऱ्यांपेक्षा मोठा किंवा लहान असेल तो निवडतात. म्हणजे बिंदूबरोबर त्याचा आकारही कळतो. दगड दुप्पट मोठा दिसला तर तोच बिंदू दुप्पट आकाराने सापडायला हवा.

ओपनसीव्हीत सिफ्ट चालवताना तीन खुंट्या हाताळायच्या.

कॉन्ट्रास्ट थ्रेशोल्ड, म्हणजे याहून फिके बिंदू गाळणारी मर्यादा, मूळचा 0.04 असतो. हा आकडा आतमध्ये ‘ऑक्टेव्ह लेयर्स’च्या संख्येने, म्हणजे 3 ने, भागला जातो. लो यांच्या लेखातला 0.03 हवा असेल तर इथे 0.09 द्यावा लागतो. हे माहीत नसल्याने लोक लेखातला आकडा सरळ उचलतात आणि हजारो कमजोर बिंदू गोळा करतात. बेसाल्टच्या भिंतीसाठी मात्र उलट, 0.02 पर्यंत खाली यावं लागतं, कारण तिथे चांगले बिंदूही फिकेच असतात.

एज थ्रेशोल्ड मूळचा 10. बिंदूच्या दोन दिशांतल्या वक्रतांचं गुणोत्तर याहून जास्त असेल तर तो कडेवरचा समजून टाकला जातो. तारा, कठडे, खिडक्यांच्या गजांचे फोटो असतील तर 6 ते 8 वर आणा.

कमाल बिंदूसंख्या मूळची 0, म्हणजे मर्यादाच नाही. ती नेहमी ठरवून द्या. का, ते परीक्षेच्या भागात दिसेल.

सिफ्टवर अमेरिकन पेटंट होतं, ते मार्च 2020 मध्ये संपलं. त्यानंतर ओपनसीव्ही 4.4 पासून सिफ्ट मुख्य लायब्ररीत आलं. ‘कॉन्ट्रिब’ची आवृत्ती वेगळी बसवा असं सांगणारे जुने लेख सिफ्टपुरते कालबाह्य झाले आहेत.

वेग हवा असेल तर

2006 मध्ये एडवर्ड रॉस्टन आणि टॉम ड्रमंड यांचा फास्ट आला. पिक्सेलभोवती 3 पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ, त्यावरचे 16 पिक्सेल. त्यातले सलग 9 मधल्या पिक्सेलपेक्षा ठरावीक फरकाने उजळ किंवा गडद असतील तर तो कोपरा. गुणाकार नाहीत, नुसत्या तुलना. त्यामुळे तो विलक्षण वेगवान आहे. पण त्याला ना आकार कळतो ना दिशा, आणि खरखरीला तो सहज फसतो.

2011 च्या ऑर्बने फास्टची ही उणीव भरून काढली. फोटो 1.2 च्या पटीने लहान करत 8 पातळ्यांवर फास्ट चालवायचा, हॅरिसच्या गुणांकाने क्रम लावायचा, बिंदूभोवतीच्या उजेडाच्या मध्यावरून दिशा काढायची आणि बिंदूचा आजूबाजूचा भाग पुढे ओळखता यावा म्हणून केलेल्या नोंदीसाठी, म्हणजे वर्णनासाठी, 256 बिट, म्हणजे फक्त 32 बाइट ठेवायचे. सिफ्टचं वर्णन 128 आकड्यांचं असतं. मोबाइलवर किंवा रास्पबेरी पायवर थेट व्हिडिओ चालवायचा तर ऑर्ब घ्या. ओपनसीव्हीत मूळ मर्यादा 500 बिंदूंची आहे, ती बहुधा कमी पडते. 1500 ते 2000 करून बघा.

ऑर्बची खोड अशी की सगळे बिंदू एकाच ठिकाणी गर्दी करतात. समोर झाड असेल तर पानांवर आठशे आणि भिंतीवर वीस. उपाय सोपा आहे. फोटोचे 8 बाय 6 असे चौकोन पाडा, प्रत्येकातून सर्वांत जोरदार 30 ते 40 बिंदू घ्या, बाकीचे सोडा. काही जोरदार बिंदू हातचे जातात, पण दोन फोटोंमधलं नातं काढताना चौकटभर पसरलेले थोडे बिंदू एका कोपऱ्यातल्या ढीगभर बिंदूंपेक्षा खूपच भरवशाचे असतात.

कोपऱ्यांऐवजी डाग शोधणाऱ्या पद्धतींपैकी 2002 ची एमसर लक्षात ठेवा. थ्रेशोल्ड काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सरकवत न्यायचा आणि बऱ्याच पायऱ्यांपर्यंत ज्या डागांचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही ते ठेवायचे. पाटीवरची अक्षरं, रस्त्यावरच्या खुणा, ठळक रंगाचे पट्टे यांवर ती झकास चालते. 2005 मध्ये सहा डिटेक्टरांची जी तुलना प्रसिद्ध झाली तिच्यात बऱ्याच कसोट्यांत एमसर पहिली होती. फोटो पुसट झाला की मात्र तिचं बळ ओसरतं.

परीक्षा: बिंदू खरंच टिकतात का

हा भाग टाळू नका. यासाठी कुठलाही डेटासेट लागत नाही. तुमचाच एक फोटो पुरतो.

मूळ फोटोला पहिला म्हणा. त्यावर तुम्हीच ठरवलेला बदल करून दुसरा बनवा: 30 अंश फिरवणं, 0.7 पट लहान करणं, किंचित तिरकस करणं. हे सगळं एका 3 बाय 3 मॅट्रिक्समध्ये बसतं. बदल तुमचाच असल्याने पहिल्यातला कोणता पिक्सेल दुसऱ्यात कुठे गेला हे नेमकं माहीत असतं. त्यानंतर उजेडाचे बदल: गॅमा (उजळ-गडदपणा बदलणारा आकडा) 0.6, थोडी खरखर, जेपेगचा दर्जा 60. सुरुवातीला एका वेळी एकच बदल करा, म्हणजे डिटेक्टर कशाने मोडतो ते कळेल. शेवटी सगळे एकत्र. सुरुवातीच्या कागदावर लिहिलेले आकडे इथे वापरायचे.

दोन्ही फोटोंवर त्याच सेटिंगने डिटेक्टर चालवा आणि दोन्हींतून जोरदार 1000 बिंदू घ्या. पहिल्यातले बिंदू मॅट्रिक्सने दुसऱ्यात नेऊन ठेवा. जे चौकटीबाहेर गेले ते सोडा. उलट दिशेनेही तपासा, दुसऱ्यातला जो बिंदू मागे नेल्यावर पहिल्या फोटोच्या बाहेर पडतो तोही सोडा. फोटो फिरवल्यावर कडेला काळे त्रिकोण तयार होतात आणि त्यांच्या सीमेवर डिटेक्टर हमखास कोपरे शोधतो. म्हणून सीमेपासून 20 पिक्सेलचा पट्टा मास्कने झाका.

आता नेलेल्या प्रत्येक बिंदूच्या 3 पिक्सेलच्या आत दुसऱ्या फोटोत सापडलेला बिंदू आहे का ते बघा. एकाची जोडी एकाशीच लावा. जोड्यांच्या संख्येला दोन्हींतल्या उरलेल्या बिंदूंपैकी कमी असलेल्या संख्येने भागा. हे गुणोत्तर म्हणजे रिपीटेबिलिटी.

इथे दोन सापळे आहेत. पहिला सिफ्टचा: एकाच जागी उजेडाच्या दोन तुल्यबळ दिशा असतील तर सिफ्ट त्याच जागेचे दोन कीपॉइंट देतो, फक्त कोन वेगळा. मोजण्याआधी असे जुळे बिंदू काढून टाका, नाहीतर निकाल फुगतो.

दुसरा सापळा मोठा आहे. समजा फोटो 1000 बाय 750 पिक्सेलचा आहे आणि त्यावर 1000 बिंदू डोळे मिटून, कसेही टाकले. कुठल्याही जागेच्या 3 पिक्सेलच्या आत त्यातला एखादा असण्याची शक्यता सुमारे 3.7 टक्के येते. तेच 10,000 बिंदू टाकले तर ती सुमारे 31 टक्क्यांवर जाते. म्हणजे काहीही न शोधणारा ‘डिटेक्टर’ निव्वळ गर्दीच्या जोरावर 31 टक्के मिळवतो! थ्रेशोल्ड खाली ओढला की निकाल सुधारल्यासारखा वाटतो तो यामुळे. म्हणून दोन डिटेक्टरांची तुलना करताना बिंदूसंख्या सारखी ठेवा आणि यादृच्छिक बिंदूंचा निकालही शेजारी लिहा.

स्केल बदलला असेल तर आकारही तपासा. फोटो 0.7 पट केला तर जोडीतल्या कीपॉइंटचा आकारही 0.7 पटीच्या आसपास हवा. जागा जुळली पण आकार तिप्पट निघाला, तर तो बिंदू पुढे मॅचिंगमध्ये गळणारच.

खऱ्या फोटोंवर तपासायचं असेल तर ऑक्सफर्डचा जुना संच आहे: आठ दृश्यं, प्रत्येकी सहा फोटो, आणि त्यांच्यातलं नातं सांगणारी मॅट्रिक्सं बरोबर. त्यातली रंगवलेल्या भिंतीची ‘ग्राफिटी’ मालिका कोनासाठी, ‘बोट’ फिरणं आणि स्केलसाठी, ‘ल्युव्हन’ उजेडासाठी. 2017 च्या एचपॅचेसमध्ये 116 दृश्यं आहेत, 57 उजेडाच्या बदलाची आणि 59 कोनाच्या. या संचांवर पहिला आलेला डिटेक्टर तुमच्या फोटोंवरही पहिला येईल असं समजू नका.

एक पाऊल पुढे जायचं असेल तर या परीक्षेतूनच गाळणी बनते. एकाच फोटोच्या वीसेक बदललेल्या प्रती करा, प्रत्येकीवर डिटेक्टर चालवा, सापडलेले बिंदू मूळ फोटोत परत आणा आणि प्रत्येक जागेला किती मतं पडली ते मोजा. निम्म्याहून जास्त प्रतींत सापडलेले बिंदू ठेवा. वेळ लागतो, पण संदर्भ म्हणून ठेवायच्या फोटोसाठी हे एकदाच करायचं असतं.

जोड्या लावणं

स्थिर जागा सापडली म्हणजे ओळख पटली असं नाही. सिफ्टची वर्णनं साध्या अंतराने मोजा, ऑर्बची हॅमिंग अंतराने, म्हणजे किती बिट वेगळे आहेत यावरून. ऑर्बला साधं अंतर लावलं तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, निकाल मात्र वाईट येतो आणि दोष ऑर्बच्या माथी जातो.

प्रत्येक बिंदूसाठी दुसऱ्या फोटोतले सर्वांत जवळचे दोन उमेदवार काढा. पहिल्याचं अंतर दुसऱ्याच्या 0.8 पटीपेक्षा कमी असेल तरच जोडी मान्य करा. लो यांच्या प्रयोगात एवढ्याने 90 टक्के चुकीच्या जोड्या गळल्या आणि बरोबर जोड्या 5 टक्क्यांहूनही कमी गेल्या. जाळीदार खिडक्या, फरशा, एकसारखी गवाक्षं असलेल्या इमारतीत मात्र याच चाळणीत जवळपास सगळं गळतं, कारण प्रत्येक बिंदूचे दहा जुळे शेजारीच असतात. तिथे दोष डिटेक्टरचा नाही. मोठ्या आकाराचे कीपॉइंट वापरा, म्हणजे वर्णनात आजूबाजूचं जास्त काही येईल.

उरलेल्या जोड्या रॅन्सॅकमधून जाऊ द्या. 1981 ची ही पद्धत चार जोड्या कशाही उचलते, त्यांवरून होमोग्राफी, म्हणजे एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात कुठे जातो हे सांगणारं परीक्षेतल्यासारखं 3 बाय 3 मॅट्रिक्स, काढते, बाकीच्यांपैकी किती पटतात ते मोजते आणि हे पुन्हा पुन्हा करते. चाळणीतून येणाऱ्या जोड्या किती स्वच्छ आहेत यावर सगळा खर्च ठरतो. निम्म्या जोड्या बरोबर असतील तर 99 टक्के खात्रीसाठी सुमारे 72 फेऱ्या पुरतात. 30 टक्के बरोबर असतील तर 567 लागतात, 20 टक्क्यांना 2,900 च्या आसपास. ओपनसीव्हीत रॅन्सॅकच्याच धर्तीच्या ‘मॅगसॅक’चा पर्यायही आहे. तो थ्रेशोल्डच्या निवडीबाबत कमी हट्टी आहे, मी तोच घेतो.

होमोग्राफी फक्त सपाट पृष्ठभागाला किंवा जागेवर फिरणाऱ्या कॅमेऱ्याला लागू पडते. खोल कोरीव काम, खांबांची रांग असेल तर फंडामेंटल मॅट्रिक्स काढा, ते खोली असलेल्या दृश्यातही दोन फोटोंमधलं नातं सांगतं. नाहीतर खांबांवरच्या पूर्णपणे बरोबर जोड्या चुकीच्या ठरून फेकल्या जातील.

फसवे बिंदू

परीक्षेत पास होऊन प्रत्यक्षात नापास होणारे बिंदू असतात. कृत्रिम बदल सपाट फोटोवर केलेला असतो, जग सपाट नसतं.

पहिला प्रकार सावलीचा. कोरीव कामावर तिरपा उजेड पडला की सर्वांत ठळक कोपरे सावलीच्या टोकांना येतात. दुपारी ती टोकं हातभर सरकलेली असतात. सकाळ-दुपारच्या शिल्पपटात सिफ्टला सापडलेले जोरदार बिंदू नजरेखालून घाला, त्यातले कितीतरी दगडावर नसतातच. ढगाळ दिवसाचे फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं.

दुसरा प्रकार जास्त लबाड. जवळच्या खांबाची उभी कडा मागच्या भिंतीवरच्या आडव्या पट्टीला छेदते तिथे सुरेख कोपरा दिसतो. हॅरिसला तो आवडतो, सिफ्टलाही चालतो. पण त्या जागी जगात काहीच नाही. तुम्ही एक पाऊल सरकलात की तो पट्टीवरून घसरत जातो. एकेकटा बघून हे ओळखता येत नाही. तीन किंवा जास्त फोटोंत मागे लागून, थ्रीडीत एका जागी येतो का ते बघावं लागतं.

पानं, झेंडे, पाण्यावरची चमक, माणसं, वाहनं यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. कॅमेरा स्टँडवर असेल तर दहा-बारा फोटो लागोपाठ काढा आणि जे बिंदू सगळ्यांत जागच्या जागी राहतात तेच ठेवा. खरखर आणि हलणाऱ्या वस्तू दोन्ही एकदमच जातात.

शिकवलेले डिटेक्टर

2018 च्या सुपरपॉइंटपासून न्यूरल नेटवर्कचे डिटेक्टर जोरात आले. मजा अशी की त्याचं शिक्षण वर सांगितलेल्या मतदानासारख्याच युक्तीवर बेतलेलं आहे: आधी संगणकाने काढलेल्या साध्या आकृत्यांचे कोपरे शिकवायचे, मग खऱ्या फोटोंच्या असंख्य बदललेल्या प्रतींत जे बिंदू टिकतात तेच उत्तर म्हणून पुन्हा शिकवायचे. दिवस-रात्र किंवा ऋतू बदललेले फोटो जुळवायचे असतील तर सुपरपॉइंट आणि जोड्यांसाठी 2023 चा लाइटग्लू ही जोडगोळी सिफ्टला सहज मागे टाकते. पण जीपीयू हवा, फोटो खूप फिरवलेला असेल तर सुपरपॉइंट ढेपाळतो, आणि त्याची मूळ प्रशिक्षित फाइल फक्त अव्यावसायिक संशोधनासाठी दिलेली आहे. धंद्याच्या कामात घेण्याआधी परवाना वाचा. साध्या कामाला सिफ्ट अजूनही पुरून उरतो.

तरीही जुळत नसेल तर

बरोबर जोड्या पंधरा-वीसच्या खाली राहत असतील तर थ्रेशोल्डशी खेळत बसू नका, मधले फोटो काढा. सपाट भिंतीवरही बघण्याचा कोन 30 अंशांहून जास्त बदलला की सिफ्टच्या जोड्या झपाट्याने कमी होत जातात, खोल कोरीव कामात त्याच्याही आधी. दर 10-15 अंशांनी एक फोटो, शेजारच्या दोन फोटोंत किमान 60 टक्के भाग समान, एक्स्पोजर आणि फोकस लॉक केलेला, झूम जागचा न हलवता. आणि संपूर्ण भिंत सकाळी नऊला सुरू केली असेल तर दुपारच्या जेवणाआधी उरकून घ्या.